डावा पाय, उजवा पाय

बाबा आर्वी डेपोतून रिटायर झाले तेव्हा
शाल आत्याकडे गेली, नारळाची चटणी झाली
आणि खुंटीवर एक खाकी पँट उरली.
घालायची सोय नाही, फेकायची हिंमत नाही.

शेवटी कवडू शिंप्यानं ती मधोमध चिरली.
एकेका पायाची एकेक थैली.
मोहरीला दुहेरी टीप,
वर जुन्या पट्ट्याच्या वाद्या.
खिसे मात्र उसवले नाहीत.
म्हणाला, "राहू द्या कंडक्टरसाहेब, चिल्लर ठेवाले होते."

तेव्हापासून आमच्या घरी
डावा पाय भाजीचा, उजवा पाय दळणाचा.
"माहा डावा पाय कुठं ठेवला व?"
बाबा ओसरीतून ओरडतात
आणि नवा पाहुणा दचकून
त्यांच्या पायजम्याकडे बघतो.

आईचं निराळं.
तिच्या गादीखाली पन्न्या.
साखरेच्या, फरसाणाच्या, साडीच्या दुकानाच्या,
धुऊन, तारेवर चिमटे लावून वाळवलेल्या,
घड्या घातलेल्या.
रात्री कूस बदलली की गादी चुरचुरते.
"मुरमुऱ्याच्या पोत्यावर झोपतो मी," बाबा म्हणतात.
आई म्हणते, "मी आणत नाही काही.
आली तिले जाऊ देत नाही."

गुरुवारी वाढोण्याचा बाजार.
बाभळीखाली पंचफुलाबाईचं दुकान:
वांगे, भेदरं, सांभार, थोडा लसूण.
बोटाला थुंकी लावून पन्नी सोडवायची,
मग फुंकर मारून उघडायची, हा तिचा हातखंडा.
बाबांनी डावा पाय पुढं केला
आणि फुंकर तिच्या गालातच राहिली.

पिशवी उलटसुलट करून पाहिली तिनं.
"हाच पँट होता ना अंगात?
सारवाडीच्या फाट्यावर मले उतरवलं होतं,
टोपल्यासकट.
टोपल्याचं तिकीट नव्हतं म्हणून."
बाबा म्हणाले, "नियम होता."
"हो ना. मले जागा नव्हती तुमच्या गाडीत.
आता वांग्याले बरी हाय."
आणि अर्धा किलोच्या मापात
वरून चार वांगी टाकली,
हिशेबात न धरता.

बाबांनी खिशातून सुट्टे काढले.
मोजले. पुन्हा मोजले.
उरलेले परत घेतले नाहीत.

जुनी सवय जात नाही.
बाजारातल्या गर्दीत ते मान वर न करता विचारतात,
"थैली?"
जसं आधी विचारायचे, "तिकीट?"
पोरं हसतात.
जानरावचा पोरगा मात्र परवा
बहिणीचं दप्तरच घेऊन आला,
कांद्याखाली दबलेलं भूगोलाचं पुस्तक
त्याला घरी जाऊन आठवलं.

मग एका गुरुवारी डावा पाय फाटला.
शिवणीत नाही, टाचेशी नाही,
मांडीवर.
जिथं एकोणतीस वर्षं
तिकिटांची चामडी बॅग घासत होती
बरोब्बर तिथं.
खाकी तिथं जाळीसारखी झाली होती,
आम्हा कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.
बटाटे पाणपोईपर्यंत गेले.
एक मोटरसायकलखाली जाऊन बसला.

पंचफुलाबाईनं बोटाला थुंकी लावली,
पन्नी सोडवली, फुंकर मारली,
आणि तशीच फुगलेली, काही न बोलता
पुढं धरली.

मला वाटलं, बाबा दुपट्टा पसरतील.
त्यांनी पन्नी घेतली.

संध्याकाळी ते न्हाणीत बराच वेळ होते.
तारेवर पाहिलं तर
डावा पाय टांगलेला, त्यावर आधीच
आईच्या फुलाफुलाच्या ब्लाऊजचं ठिगळ,
आणि शेजारी ती पन्नी,
वाऱ्यानं पोट फुगवून.
चिमटा वाकडा लावलेला होता,
म्हणजे आईनं नाही लावला.

रात्री त्यांनी तिची घडी केली.
नीट जमली नाही.
गादी उचलून आत सरकवली,
आपल्या बाजूनं.