खरी वाट

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत
सीटकव्हरं शिवणाऱ्या दुकानाच्या माथ्यावर आमचं ऑफिस.
खालून दिवसभर रेक्झिनचा वास,
वर एसीचं पाणी ठिबकत असतं निळ्या बादलीत.
तिथे बसून मी जावा लिहिते, पत्रांसाठी.

पत्रं म्हणजे पगाराचा दाखला,
रजेला हरकत नाही,
पासपोर्ट परत मिळाला, खाली सही.
सगळे साचे एका फोल्डरात,
साच्यात रिकाम्या जागा: नाव, गाव, रियाल, दिनांक.
कुणी साच्याचं नाव सांगायचं,
सर्व्हरने फोल्डरातून तो काढून आणायचा.
एवढंच. तीन वर्षं एवढंच होतं.

मग ऑडिटला थुरैया आली.
खजुराची बी कागदी कपात टाकली, बोटं पुसली,
आणि साच्याच्या नावाच्या जागी टाइप केलं
टिंब टिंब तिरकी रेघ, टिंब टिंब तिरकी रेघ, पगार.
दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर.
दोन पायऱ्या चढून बाई फोल्डराबाहेर,
आणि पडद्यावर साडेचारशे माणसांचे पगार.
त्यात माझाही.
कुंजुमोनने तो वाचला
आणि सभ्यपणे खिडकीबाहेर बघू लागला.

आधी वाटलं, टिंबंच गाळून टाकू.
पण टिंबं वेश पालटून येतात,
टक्क्याच्या चिन्हाआड, उलट्या रेघेवर बसून.
चाळणीला भोकं असतात, त्यालाच चाळण म्हणतात.
तेव्हा दुसरी रीत:
आलेलं नाव आपल्या फोल्डराला जोडायचं,
त्यातले वळसे सरळ करायचे,
शॉर्टकट असेल तर त्याच्या मागे मागे जाऊन
खरा पत्ता गाठायचा, आणि मगच विचारायचं,
हा आमच्या अंगणातला का?
तेही अक्षरं जुळवून नाही, पायरीला पायरी लावून.
'साचे' आणि 'साचे-जुने', सुरुवात एकच दिसते;
आडनाव एक म्हणून सातबारा एक होत नाही,
हे मला देवरुखच्या तलाठ्याने फार आधी शिकवलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी कोड चढवला.
समुद्रावर जाऊन मक्याचं कणीस खाल्लं.

शुक्रवारी पहाटे कुंजुमोनचा फोन.
लिंगय्या. जगतियालचा. मचाणावरून.
'चेची, पार्थिवाचं पत्र निघत नाही,
दहाला कार्गो बंद होतो.'
पडद्यावर माझंच वाक्य, मीच लिहिलेलं:
साचा हद्दीबाहेर. परवानगी नाही.
पगाराचा साचाही हद्दीबाहेर.
रजेचा, पासपोर्टचा, सगळे.

गाऊनवरच बसले. चहा उतू गेला, जाऊ दिला.
अर्ध्या तासाने ध्यानात आलं,
मार्चमध्ये साच्यांचा फोल्डर नव्या डिस्कवर हलवला होता,
जुन्या जागी नुसता शॉर्टकट ठेवलेला.
येणाऱ्याची सात पिढ्यांची चौकशी
आणि आपल्या उंबऱ्याचा पत्ता ऐकीव!
मी त्याची खरी वाट काढत होते,
माझी कधी काढलीच नव्हती.

एक ओळ. आपल्या फोल्डराचाही खरा पत्ता आधी काढायचा,
मग दोन खरे एकमेकांसमोर उभे करायचे.
पहिल्यांदा थुरैयाची टिंबं टाकून पाहिली: दार बंद.
मग पत्र मागितलं. उघडलं.
जागा भरत गेल्या आपोआप,
नाव, बापाचं नाव, वय एकेचाळीस,
वजन, पेटीसकट.

कायमचा पत्ता, इथे सिस्टमने भरलं:
कॅम्प दोन, खोली अकरा.
मी ते खोडलं.
कुंजुमोनने त्याच्या खोलीतल्या राजमल्लूला उठवलं,
तो झोप आणि रडणं यांच्या मधल्या आवाजात सांगू लागला,
जिल्हा, मंडल, गाव,
मी टाइप करत राहिले,
हनुमानाच्या देवळामागे,
नाही, मागे नाही, थांबा,
देवळाला लागून जी बोळ जाते तिच्यात, तिसरं.