घड्याळजी

म्हापशाच्या शुक्रवारात
मिरचीची रोपं आणि गंजकी कुलपं यांच्या मधोमध
वीस रुपयांना मिळाली ती कादंबरी.
शेवटचं पान शाबूत आहे का, तेही पाहिलं नाही.
शेवट मला पाठच होता.
दोन्ही सिनेमे इतक्यांदा पाहिलेत की
खुनाच्या रात्री कुठली खिडकी आपटते, तेसुद्धा सांगेन.

पुस्तकात खिडकी आपटतच नाही.
गुप्तहेर बुटका निघाला, सर्दीने बेजार,
जिना चढताना मधेच बसतो, नाक पुसतो,
आणि मी त्याला सारखी
त्या उंच नटाचा ओव्हरकोट घालू बघते.
बाह्या लोंबतात.

पान एकशे त्र्याऐंशीवर घड्याळजी म्हणतो,
"मी नाही थांबवलं. ते थांबलेलंच आलं माझ्याकडे."
मी हसले. थापाड्या.
मग आणखी चाळीस पानं.
मग चहा गार.

खून त्याने केलेलाच नाही!
दोन्ही सिनेमांनी तो त्याच्या माथी मारला;
डोळ्याला लावलेलं काळं भिंग
पडद्यावर छान दिसतं, म्हणून असेल.

आमच्याकडे इनास मेस्त लावायचा तसलं भिंग.
बाजारातल्या एका जिन्याखाली त्याचं दुकान,
दुकान कसलं, काचेची पेटी आणि स्टूल.
व्हिडिओवर सिनेमा पाहिला त्या मे महिन्यात
दादांनी मला घड्याळ आणायला पाठवलं.
मी नऊ वर्षांची.
त्याने मान वर केली, एका डोळ्याने बघितलं,
"यो गे बाय" म्हणाला.
मी पळाले ती थेट तारीच्या पुलापर्यंत.

घरी सांगितलं, दुकान बंद.
दुसऱ्या दिवशीही बंद.
तिसऱ्या दिवशी दादा स्वतः गेले,
घड्याळ मनगटावर बांधूनच परत आले.
ओरडले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले,
"इनास विचारत होता, तुझी मुलगी कुणाला भिते?"

त्या जिन्याखाली आता मोबाइलची कव्हरं लटकतात.
इनास कधी गेला, मला माहीत नाही,
विचारावं असं कधी वाटलंही नाही
पान एकशे त्र्याऐंशीपर्यंत.

खरा खुनी कोण, ते सांगत नाही, तुम्हीही वाचा.
एवढंच, की त्याचं काम अजून कुठल्या नटाने केलेलं नाही.
त्यामुळे त्याला चेहरा नाही,
आणि काल भाजी घेताना
समोरच्या माणसाच्या कपाळावरचा व्रण
मी जरा जास्तच वेळ बघत राहिले.