पणा

या आठवड्याचा शब्द: प्रामाणिकपणा.
दत्तवाडीच्या बालवाडीतल्या फळ्यावर
तो मावलाच नाही,
शेवटचा 'पणा' खालच्या ओळीत घसरला.

मुलांना तेवढाच आवडला.
"बाई, आज माझ्यात डबा-विसरलेपणा आहे."
"याच्यात नुसता शेंबूडपणा!"
मी हसू दाबलं. तक्ता तयार होता,
चांदण्या मोजून आणल्या होत्या तुळशीबागेतून.

तेवढ्यात दारात नवी पोर, रेवती.
आई बस गाठायला पळालेली,
हिला रडून रडून उचकी.
जुनैद उठला. बोलला काहीच नाही.
तिच्या फ्रॉकची बाही चिमटीत धरून
डब्याच्या सुट्टीपर्यंत तसाच उभा.

"बाई, हा कुठला पणा?"

तक्त्यावर नव्हता.

"बाही-धरलेपणा," सम्यक म्हणाला. "लिहा ना."

जागा उरली नव्हती.
महापालिकेची भिंत, नुकताच रंग दिलेली.
तरी लिहिला.