आळीपाळी

ब्रिटोनाच्या चर्चसमोर, तीन वाव पाण्यात
'टिटवी' उभी आहे. अकराशे दिवसांनंतर
तिला कुठेच जायचं नाही.

मी अजून नोंदवही लिहिते. सवय.
वारा: वायव्येचा, कपडे वाळतील इतका.
वेग: शून्य.
दिसलेली जहाजं: खनिजाची एक बार्ज, रिकामी.
चोडणची फेरी, मोजणं सोडलं.
इनासची होडी. तीत इनास, त्याचा कुत्रा
आणि आमच्यासाठी चार पोई, वर्तमानपत्रात.

समुद्रावर आम्ही दोघं कधी एकत्र झोपलो नाही.
तीन तास तो, तीन तास मी.
अंथरूण एकच, डाव्या फळीला टेकलेलं.
मी आडवी व्हायची ती त्याच्या उबेत,
तो यायचा तो माझ्या.
सेशेल्स, मॉरिशस, केप, सेंट हेलेना,
आणि सगळा संसार शिडीच्या पायरीवर,
अर्ध्या मिनिटाचा:
"दिवा दिसला होता एक. गेला."
"चहा आहे थर्मासात."
"पट्टा लाव."
तीन वर्षांत एवढंच बोललो असू.
पुष्कळ होतं.

नदीत पहारा नसतो.
दहाला दिवा मालवून दोघंही आडवे होतो
आणि अंथरूण पुरत नाही.
त्याचं कोपर. माझे गुडघे.
लग्नाच्या चौतिसाव्या वर्षी कळतंय
की वामन झोपेत हवामान सांगतो, इंग्रजीतून.
दोनला माझे डोळे आपोआप उघडतात.
वर जाते, तर तो आधीच बसलेला,
पट्टा लावून.
पणजीच्या अंगाला कॅसिनोंचं जांभळं आकाश.
"काय बघतोयस?"
"काही येत नाहीये ना, ते."

बंदर कप्तानाच्या कचेरीत
बाईंनी चष्मा वर ढकलत विचारलं, कायमचा पत्ता?
वामन म्हणाला, पंधरा अंश तीस मिनिटं उत्तर.
बाई म्हणाल्या, पिनकोड?
शेवटी लिहिलं: मार्फत, इनास मास्कारेन्यस.
त्याला सांगितलं तर तो इतका हसला
की कुत्रा पाण्यात पडला.

फोंड्याला नणंदेने आमच्यासाठी फ्लॅट बघून ठेवलाय.
एक रात्र राहून आलो तिच्याकडे.
जमीन हलत नव्हती, म्हणून मी भिंत धरून चालले.
एका लोट्यात अंघोळ उरकून बाहेर आले तर म्हणते,
झाली?
गरम पाणी येतच होतं. येतच होतं.
ते बंद करायला कुणाला घाई नव्हती,
याचंच मला रडू आलं,
आणि ते तिला सांगता येईना.

एक गोष्ट मात्र इथेच पाहिली, नांगरावर.
भरतीला टिटवी समुद्राकडे तोंड करते,
ओहोटीला घाटाकडे.
म्हणजे येणाऱ्या पाण्याला सामोरी,
आणि जाणारं पाणी
पाठीमागून गुपचूप निघून जातं.
दिवसातून चार वेळा फिरते ती.
कालवं चिकटलीत बुडाला, शेवाळ दाढीएवढं,
तरी फिरते.

काल इनास सांगून गेला:
साखळी उचलत चला पंधरवड्यातून एकदा,
नाहीतर न्हंय म्हणेल, ती माझीच.

आज पाणी थांबलं तेव्हा उचलली.
काळा चिखल, कुजक्या अंड्याचा वास,
एक प्लास्टिकचा हार, एक लहान मुलाची चप्पल.
वामन पुढे, साखळी धूत.
मी सुकाणूवर.
नांगर सुटला तशी पायाखाली काहीतरी सैल झालं,
ती जुनी हालचाल, पोटरीत ओळखू येणारी.
आता वामन म्हणेल, सोड.
किंवा मी विचारीन, सोडू?
चर्च हळूच एक खिडकी मागे सरकलं.
मग दुसरी.
फेरीने भोंगा दिला.
त्याने मागे वळून पाहिलं नाही.
मीही काही बोलले नाही.

नोंद: चार वाजून दहा.
वेग: अर्धा नॉट, नदीचा.
पहाऱ्यावर: दोघंही.