दोन्ही बाजूंचा लॉग

सोहारला गुरुवारी रात्री दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात.
खाली करक चहाचा कागदी कप चुरगाळून
मी परकारांचे तीन जिने चढतो.
दिवसभर बंदरावरच्या गोदामात पेट्या मोजतो,
बीएस्सीला गणित होतं हे तिथं कुणाला माहीत नाही.
इथं आहे. इथं मला सर म्हणतात.

इफ्फतनं वही उघडून ठेवलेली:
वर तीन कंस, खाली दोन,
सगळ्यांच्या डोक्यावर वर्गमुळाचं एकच छप्पर.
"गुणाकाराच्या नियमानं केलं, सर. दोन पानं गेली.
मग एक उणे कुठंतरी हरवलं."
हरवणारच.
एका खोलीत आठ जण राहिले की
कुणाचा टॉवेल कुणाच्या खुंटीवर,
ते सहा वर्षं बघतोय मी.

लॉग घे, म्हणालो. दोन्ही बाजूंचा.
बघ, गुणाकार सुटले, बेरजा झाल्या.
छेदातले उणे चिन्ह लावून निमूट रांगेत आले.
छप्पर उतरलं आणि अर्धा होऊन
सगळ्यांच्या पुढं उभं राहिलं.
आता एकेकाला वेगळं विचार,
बाबा रे, तू किती बदलतोस?
उत्तर अर्ध्या ओळीत देतील.

पण आधी तपासून घे, कुणी शून्य नाही ना.
शून्याला लॉग नाही.
ऋण असेल त्याला दोन उभ्या दांड्यांमधून आत आण.
"विमानतळावर उभं करतात तसं,"
ती म्हणाली.
मला हसू जरा उशिरा आलं.

मग एक्सचा एक्स घात.
घात म्हणजे वाढ,
हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही.
घातांक अचल असता तर एक नियम होता,
पाया अचल असता तर दुसरा.
इथं जमीनही चल, जिनाही चल.
इफ्फत पेन्सिल चावत राहिली
आणि एसी धापा टाकत राहिला.
मग तिनं लॉग घेतला.
वरचा एक्स खाली उतरून
लॉगच्या शेजारी बसला, शहाण्यासारखा.
एक अधिक लॉग एक्स.
तिनं खाली दोन रेघा ओढल्या.

"आणि वाय?"
"तो तर मागं राहिला ना, सर?"
मागं राहिला, डावीकडं, छेदात.
तुझ्याकडं आत्ता आहे तो बदल
वायच्या मानानं किती, एवढंच.
खरा बदल हवा तर
अख्खा वाय परत गुणावा लागतो.
विसरलीस तर दोन गुण जातात.

(मी दर महिन्याला ओळी पाठवतो:
घरभाडं, लेकाची फी, गुडघ्याचं इंजेक्शन.
बेरीज चुकत नाही.
संगमेश्वरहून ती विचारते, "बाकी?"
मी म्हणतो, बाकी काही नाही.)

साडेदहाला नुरुद्दीनभाई भट्टीवरून आले,
भुवयांत राखाडी धूळ.
"लॉग? आमच्याकडं पन हाय लॉग.
दर दोन तासांनी भराचा.
नऊशे साठ, मग नऊशे बासष्ट.
किती हाय ता लिवतो.
किती बदलला, कुनी इचारत नाय,
बिघडल्याबिगर."

मी काही बोलायच्या आत
इफ्फतनं समासात आकडे मांडले होते,
दोन भागिले नऊशे साठ.
"अब्बा, पॉइंट शून्य शून्य दोन.
हाच. हाच तो."

"इतकाच?" ते म्हणाले,
आणि बुटाची नाडी सोडायला
तिथंच, दाराशी, खाली बसले.