म्हातारी, बीबी आणि बाकीची खडपं

बर्फाच्या कारखान्यात मी हिशेब लिहिते.
लाद्या किती गेल्या, कुणाच्या नावावर, उधारी किती.
समुद्रात मी कधी गेले नाही,
तरी बंदरावरचे अठ्ठावीस तांडेल
दोन वर्षं मला येताजाता विचारतात,
"गो, माझी खूण चढयलंस?"

खूण म्हणजे नकाशावरची लाल टिकली.
फोनवर समुद्र नुसता निळा दिसायचा,
खाली काहीच नसल्यासारखा,
पुसून पालथं घातलेलं ताट.
जानूकाका पराडकरांना दाखवला,
तर चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"ह्येच्यात आमचो समुद्र खय आसा?"

मग बर्फाच्या भुश्यावर बोटाने काढून सांगू लागले.
देवळाचा कळस कड्याच्या नाकावर बसला
आणि बुरुजामागून एकटा माड डोकावला
की समजायचं, खाली म्हातारी.
अमावस्येच्या सुकतीला तिचे केस दिसतात.
तिच्या दक्षिणेला तवा. तव्यापलीकडे दोन जावा,
त्यांच्यामधून जायचं ते फक्त भरतीत, आणि गप्प.
आणि त्यापुढे एक,
ज्याला नाव नाही.
तिथे तिघं गेले, एकाच रात्री.
एवढं बोलून त्यांनी बोट पदराला पुसावं तसं
लुंगीला पुसलं.

भुसा वितळायच्या आत मी उतरवून घेतलं.

तो माड तर वादळात पडला, मी म्हटलं,
आता तिथे मोबाईलचा टॉवर आहे.
"बरां झाला. रेंज नाय तर नाय,
टॉवर तरी दिसता."

नकाशा खाडीपलीकडे कसा गेला, ठाऊक नाही.
एका दुपारी शरीफ होडेकरांचा आवाज आला,
मागे इंजिनची धडधड आणि कोंबड्या:
"ताई, ती म्हातारी नाही, ती बीबी.
माझ्या आजाची होडी तिच्यावर फुटली,
आमच्याशिवाय तिचं नाव कोण ठेवणार?"
दोन दिवस भांडण.
कुवेतहून एकाने हसरे चेहरे पाठवले,
एकाने गट सोडला, संध्याकाळी परत आला.
तिसऱ्या दिवशी जानूकाका म्हणाले,
"दोगी भैनी आसतीत. लिव दोनय."
लिहिलं. म्हातारी, तिरकी रेघ, बीबी.
आधी कोण, यावर अजून कुरकुर आहे.

एकदा मी विचारलं, सरंग्याची जागा?
त्यांनी फोन माझ्या हातात पालथा ठेवला.
"मरणाची जागा सगळ्यांका सांगूक व्हयी.
पोटाची नाय."
म्हणून आमच्या नकाशात
टिकल्यांच्या दाटीत एक गोल मोकळा आहे.
पाहणाऱ्याला कळतं. कुणी बोलत नाही.

माघातल्या एका रात्री धुकं उतरलं.
पलीकडच्या एका होडीचं इंजिन बंद पडलं
आणि ओढ तिला आमच्या बाजूला घेऊन आली.
पोरगा एकोणीस वर्षांचा. हमजा, शरीफभाईंचा पुतण्या.
टॉवरचा दिवाही दिसत नव्हता,
पण नकाशा त्याने आधीच उतरवून ठेवलेला,
मांडीवर फोन, हातात वल्हं,
तव्याला डावीकडे टाकत, जावांमधून,
सुदैवाने भरतीत.
गप्प मात्र नाही. म्हणाला, सारखा बडबडत होतो,
कुणाशी ते माहीत नाही.

सकाळी धक्क्यावर आला.
होडीतली थोडी मासळी टिकवायची होती.
तीन लाद्या.
पैशांसाठी खिसे चाचपू लागला,
तर मागून आवाज आला,
"माझ्या नावार लिव."
मी लिहिलं: पराडकर, तीन.

जाताना त्याने विचारलं,
त्या बिननावाच्या खडपाखाली
मी काही लिहिलं तर चालेल?
आणि उत्तराची वाट न पाहता लिहिलं.

मी फोन जानूकाकांपुढे धरला.
त्या टिकलीखाली आता एकच शब्द होता:
हळू.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग कपाळावरचा चष्मा
डोळ्यांवर ओढला
आणि म्हणाले, "मोठा कर."