पाटावरची खूण

पहाटे साडेचारला समुद्र घाट चढून येतो.
जव्हार, मोखाडा, त्र्यंबक,
दामू तांडेलच्या टेम्पोत, बर्फाखाली,
डोळे उघडे ठेवून.
वाटभर टपकत येतो.
ब्रह्मगिरीच्या पायथ्याला, जिथं गंगा
अजून ओंजळीएवढीही नसते,
तिथल्या डांबरावर त्याचे खारट थेंब.
मी दामूला म्हणते, बघ,
हा इतका जवळ, चार-पाच तासांवर,
आणि ही बया जन्मताच त्याच्याकडे पाठ करून
निघाली पूर्वेला, दुसऱ्या दर्याचं घर करायला.
दामू हसतो. क्रेट उतरवतो.

मी समुद्र पाहिलेला नाही.
भद्रकालीत बावीस वर्षं बसते,
मला तो वजनात कळतो.
आधी किलोला तीन पापलेटं चढायची.
मग पाच.
मग बरीच वर्षं कुणी मोजलं नाही, मीही नाही.
परवा मोजली. सतरा.
विड्याच्या पानाएवढी,
पोटं चिरली तर आत काहीच नाही,
अंडी धरायचं वयच आलं नव्हतं.
गिऱ्हाईक म्हणालं, कोवळी आहेत,
काटा लागत नाही.

दामू सांगतो, जाळ्याच्या भोकाला
आमच्यात आस म्हणतात, ताई.
बापाच्या जाळ्याचा आस असा, की मूठ आत जायची.
तो बारीक होत गेला.
आता जाळं कुठलं, पिठाची चाळण.
मोठ्या बोटी रात्री पाण्यावर दिवे सोडतात,
मासळीला वाटतं उजाडलं,
सगळी वर येते.

मागच्या महिन्यात एका घोळीच्या पोटात
शाम्पूची पुडी निघाली.
रुपयावाली. फाडलेला कोपरासुद्धा तसाच.
ही काही आपल्या गावची नव्हे, मी म्हटलं,
आपली तर तिकडे जाते.
म्हटलं, आणि मासा चिरता चिरता हात थांबला.

तिकडे म्हणजे कुठं?
रामकुंडावर पूर्वी पानाचे द्रोण सुटायचे,
आता चकचकीत, कधी न कुजणारे.
पैठण, नांदेड, राजमहेंद्री करत
तेही पोचत असतील.
तिथंही कुणीतरी पाट मांडून बसली असेल,
मासा चिरत, माझ्याच वयाची.
तिच्या हाती आमची पुडी.
तिला मराठी वाचता येणार नाही.
पण कळेल.

दुसऱ्या दिवशी मी पाटावर खिळ्यानं रेघ मारली,
इथून तिथवर, माझी एक वीत.
याच्या आतलं घेणार नाही.
दामूनं माझ्याकडे असं बघितलं
की मला ताप आलाय.
शेजारच्या फरीदानं ती सगळी उचलली,
दुपारपर्यंत विकली.
माझे सहाशे बुडाले. घरी मी पाचशे सांगितले.

रेघ तशीच आहे.
पावसाळ्यात दर्या बंद असतो,
बाळंतिणीच्या खोलीसारखा,
तेव्हा मी सुकट विकते आणि रेघेवर हळद सांडते.
फरीदा अजून लहानच घेते.
फक्त परवा, मी पाणी प्यायला उठले होते,
तिनं एक पापलेट माझ्या रेघेवर ठेवून पाहिलं.
कमी भरलं.
विकलं तिनं ते,
पण मोजलं.

रात्री पाट धुते.
पाणी मोरीतून नाल्याला, नाल्यातून गंगेला.
मोरीच्या तोंडाशी दामूनं आणून दिलेला
एक तुकडा बांधलाय,
त्याच्या बापाच्या जाळ्याचा.
खवले त्यातून सहज निघून जातात,
चमकत, लांबच्या प्रवासाला.
पुड्या अडकतात.
रोज सात-आठ.
मी त्या वेचते, हात धुते,
आणि बाजूच्या मोरीकडे बघत बसते,
तिला काहीच बांधलेलं नाही.